पंधराव्या रेसची कोरी चौकट

लिपोवेत्स, १४ एप्रिल

कोर्नेल बाळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला नाहीस ना? कुणी गेलेलं नाही. सगळे आहेत तिथेच आहेत, तुझा बाप खालच्या मजल्यावर आणि मी वरच्या. फोन का केला नाही, तर आपला फोन खालच्या पॅसेजमध्ये, आणि माझ्या भावाचे कान किती लांब आहेत ते तुला ठाऊक आहे. शिवाय अडतीस वर्षं टपाल कचेरीचं मीठ खाल्लंय मी. त्यांना एखादं गिऱ्हाईक मिळवून द्यायला नको?

तर हे पत्र मी आत्या म्हणून लिहीत नाहीये, मोटारसायकलींच्या रेसची, स्पीडवेची एक प्रेक्षक म्हणून लिहितेय. आपला क्लब खालच्या लीगमध्ये घसरला तर तुम्ही टीव्हीवाले मागोमाग तिथेही आलात, हे चांगलं झालं. रविवारी तुझं वर्णन ऐकलं. आवाज छान लागला होता. पण तक्रारी आहेत.

पहिलं म्हणजे ओरडू नकोस. बिनब्रेकच्या चार मोटारसायकली सुरुवातीची फीत वर गेली की आपापला पुरेसा आवाज करतात. आणि हेल्मेटचा रंग सांगत जा. तू म्हणतोस, ‘गाय्दा पुढे, मागोमाग तो ओल्होवोचा पोरगा.’ कुठला पोरगा? पांढरा की पिवळा? घरचे दोघे लाल आणि निळे, पाहुणे दोघे पांढरे आणि पिवळे, एवढं सोपं करून ठेवलेलं असताना तोंडातून रंग काढायला तुझं काय जातं? कोण कुठल्या गेटवरून सुटतोय तेही सांग. आणि रेस संपली की निकाल सावकाश. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, वेळ. लोकांना हातातल्या छापील प्रोग्रॅमच्या चौकटींत लिहायचं असतं. स्टेडियमवरचा आपला जुना घोषणावाला आठवतो का? तो बोलायला लागला की दहा हजार माणसं माना खाली घालून लिहायला लागायची. शाळेतसुद्धा एवढी शांतता नसायची.

आणि ती माइकवाली मुलगी. बिचारा स्वार हेल्मेट काढतोय न काढतोय तोच ‘आता कसं वाटतंय?’ कसं वाटणार? दातात माती.

तुझा बाप तसाच आहे. मॅच बघतो, पण तुझा आवाज बंद करून. दीड वर्ष झालं. मी मध्ये पडत नाही. हे पत्र लिहिल्याचं त्याला माहीत नाही, तेव्हा उत्तर माझ्या नावाने पाठव आणि पाकीट नीट चिकटव.

तुझी ओतीलिया आत्या


वॉर्सा, २३ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र, शेवटचा परिच्छेद झाकून, मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची निर्माती दोब्रोमिला सहसा हसत नाही. तिने ‘दातात माती’ एवढे दोन शब्द कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेत.

पण मला एक सांग, तू कधीपासून गेटं बघायला लागलीस? मी दहा वर्षांचा असताना तू स्टेडियमवर विणकाम घेऊन यायचीस. एकदा चौदा रेसा झाल्यावर तू मान वर करून विचारलंस, ‘यातले आपले कोण?’ बाबा तुझ्यापासून दोन जागा सरकून बसले होते. तेव्हा हे रंग, गेटं आणि सावकाश निकाल कुणाच्या डोक्यातले आहेत ते मला कळतं, तू कितीही प्रेक्षक हो.

खरं सांगू? दर मॅचला हेडफोन कानाला लावला की पहिल्यांदा मनात येतं, लिपोवेत्समध्ये एका घरात कुणीतरी आत्ता बटण दाबून मला गप्प करतंय. बाकीचे लाखभर लोक ऐकत असतात आणि माझा जीव त्या एकात अडकलेला असतो.

मी काय केलं होतं, आत्या? लीगमधून खाली कोण जाणार ते ठरवणारी मॅच, ग्राबूफच्या मैदानावर. पंधरावी रेस, शेवटची. आपल्याला बरोबरी पुरत होती. आपण पाहुणे, म्हणून गाय्दा पिवळ्या हेल्मेटमध्ये. दुसऱ्या वळणावर तो आणि त्यांचा लाल असे दोघे पडले. पंचाने पिवळा दिवा लावला, म्हणजे गाय्दा बाद. आणि मी म्हणालो, ‘निर्णय योग्य आहे.’ तीन शब्द. उरलेल्या तिघांची रेस पुन्हा झाली, आपण हरलो. दुसऱ्या दिवशी आपल्या फाटकावर कुणीतरी ‘जुदास, गद्दार’ लिहिलं आणि बाबांनी ते स्वतः रंगवून काढलं, हेसुद्धा मला बाबांच्या दोस्ताकडून, वालेंतीकाकांकडून कळलं. बाबांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो. त्यांनी नुसतं बोलणं थांबवलं.

त्या मॅचचा प्रोग्रॅम त्यांनी ठेवलाय का?

तुझा कोर्नेल


लिपोवेत्स, १९ मे

कोर्नेल बाळा,

ठेवलाय. अडुसष्ट सालापासूनचे सगळे आहेत, बुटांच्या खोक्यांत, वर्षवार लावलेले. बाहेरगावच्या मॅचचे तो वर्तमानपत्रातून कापून भरतो, तसाच तोही भरलाय. फक्त पंधराव्या रेसला गाय्दाची चौकट कोरी आहे. बाद झालेल्यापुढे डब्ल्यू लिहितात ना, तो त्याने लिहिलाच नाही. इतक्या वर्षांतली ती एकच कोरी चौकट. तुझ्या जन्माच्या दिवशीचीसुद्धा मॅच पूर्ण भरलेली आहे. नर्सने फोनवरून मुलगा झाला म्हणून सांगितलं तर याने तिला नवव्या रेसचा निकाल सांगितला.

आता मॅचच्या संयोजनाबद्दल. तुझा बाप गेल्या ऑगस्टपासून स्टेडियमची पायरी चढलेला नाही. दुसऱ्या वळणावरची त्याची जागा रिकामी असते आणि वालेंती दोनदा घरी येऊन बोलावून गेला. याने त्याला दारातच सुनावलं. म्हणे, नवा घोषणावाला निकाल सांगतो की उधळतो तेच कळत नाही. दोन रेसांच्या मध्ये ढणाढणा गाणी. टीव्हीच्या सोयीने मॅच इतक्या लवकर की रविवारचं सूप घशाखाली उतरायच्या आत पहिली रेस. ट्रॅक सारखा करायला ट्रॅक्टर तयार उभा, पण तो हलणार नाही, कारण तिकडे तुमच्याकडे साबणाची जाहिरात चाललेली असते. तेवढ्यात माती वाळते, धूळ उडते आणि मग स्वार पडले की तुम्हीच हळहळता. ‘मॅच आता स्टेडियमवर बसलेल्यांसाठी होतच नाही,’ असं म्हणाला तो. यात चूक काय आहे ते मला तरी दिसत नाही.

आणि तू. मागच्या रविवारी एकदासुद्धा गेट सांगितलं नाहीस. सातव्या रेसला ‘ओहो, ओहो, काय हे, काय हे!’ असं म्हणालास. काय हे, ते आम्हालाही कळलं नाही. तेव्हा रंग, बाळा. परत परत सांगते, रंग.

ओतीलिया आत्या

ता. क. स्वयंपाकघराच्या भिंतींना नवा कागद लावला. फिकट हिरवा. अर्धं भेंडोळं उरलंय, तुला हवं का?


वॉर्सा, ११ जून

प्रिय आत्या,

दमलोय मी. दोब्रोमिला म्हणते मी फार बोलतो, चित्राला बोलू दे. सोबत बसणारा जुना स्वार म्हणतो मी त्याला बोलू देत नाही. लोकांच्या शिव्या येतात त्या वेगळ्याच. आणि आता घरून तिसऱ्यांदा यादी यायच्या आत म्हटलं लिहून टाकावं.

ज्याने दीड वर्ष माझा आवाज बंद ठेवलाय, त्याला मी सातव्या रेसला काय म्हणालो ते कसं कळतं? म्हणजे आवाज चालू आहे. चालू आहे, पण माझ्या चुका टिपण्यापुरता. त्यांना माझ्याशी बोलायचं नाही, तुझ्या हाताने माझे कान मात्र पिळायचेत.

तर जो कोणी हे तुला लिहायला सांगतो, त्याला माझं एवढंच कळव. हा टीव्ही आहे. हेल्मेट लाल आहे की निळं, ते पडद्यावर हातभर मोठं दिसतं. टीव्ही बघणाऱ्याला डोळे असतात. ज्याला नसतील त्याने रेडिओ लावावा.

कागदाचं भेंडोळं नको.

कोर्नेल


लिपोवेत्स, २८ जुलै

कोर्नेल,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. दोनदा लिहून फाडलं.

तुझं पत्र मी तुझ्या बापाला, गेरार्डला वाचून दाखवत होते. तू ओळखलंस ते खरं आहे. पहिल्या पत्रातल्या तक्रारी त्याच्याच, दातातली माती तेवढी माझी. तुझी उत्तरंही मी त्याला वाचून दाखवायचे, नको ते गाळून. या वेळी गाळता आलं नाही. टपाल कचेरीत आयुष्यभर म्हाताऱ्यांना त्यांची पत्रं वाचून दाखवली, तोंडाला सवय झालेली. शेवटची ओळ तोंडातून निघून गेल्यावर मला समजलं मी काय वाचलं ते.

कोर्नेल, त्याला दिसत नाही.

दोन्ही डोळ्यांत मधोमध काही राहिलेलं नाही. कडेकडेने धूसर कळतं. तू समोर उभा राहिलास तर तुझं तोंड बघायला त्याला तुझ्या कानापलीकडे बघावं लागेल, आणि तरी नीट दिसणार नाही. गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की नजर परत यायची नाही. रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नल सांभाळले त्याने, दरवर्षी डोळे तपासून घ्यायचा आणि दुसरा पदक दाखवतो तसा तो दाखला मला दाखवायचा. आता त्याला घरातला पांढरा कप आणि पिवळा कप वेगळा सांगता येत नाही.

स्टेडियमचं खरं कारणही ऐक. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने सहाव्या रेसचा निकाल सातवीच्या ओळीत लिहिला आणि सातवीचा त्याच्यावरच. वालेंतीने प्रोग्रॅम बघितला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, ‘गेरार्ड, लेका, दुपारीच लावून आलास की काय!’ सगळे हसले. ड्यूटीच्या धास्तीने ज्याने जन्मभर एका बिअरच्या पुढे घेतली नाही, तो माणूस म्हणाला, ‘हो, जरा जास्तच झाली.’ आणि उठून घरी आला. गाणी, ट्रॅक्टर, साबण, हे सगळं त्याने त्या संध्याकाळी शोधून काढलं. ते खोटं नाही, पण त्याच्यामुळे तो घरी बसलेला नाही.

एप्रिलमधल्या पहिल्या मॅचला त्याने आवाज चालू केला. अगदी हळू. मी जिन्यात होते, मला तुझा आवाज ऐकू आला आणि मी तिथेच पायरीवर बसले. रेस संपल्यावर त्याने हाक मारली, ‘ओतीलिया, कागद आण. पोरगा रंग सांगत नाहीये.’ तुला डोळ्यांचं कळू देणार नाही अशी आमच्या आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली त्याने मला. ती मी आज मोडली. आई समजून घेईल.

तुझं पत्र ऐकून तो उठला, टेबल चाचपत टीव्हीपाशी गेला आणि आवाज बंद केला. मॅचसुद्धा नव्हती, बातम्या चालल्या होत्या. म्हणाला, ‘पोरगा बरोबर बोलतोय.’ रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

आत्या


वॉर्सा, १ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी गाडीत वाचलं आणि पाऊण तास गाडी सुरू केली नाही. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही. लहानपणी ते मला खांद्यावर घेऊन दुसऱ्या वळणावर उभे राहायचे. अंगावर मातीचा फवारा आला की आपल्या टोपीने माझे डोळे झाकायचे आणि स्वतः मात्र उघड्या डोळ्यांनी बघत राहायचे. त्याच माणसाला मी हे लिहून पाठवलं.

मी शनिवारी येतो. पाया पडायचं म्हणशील तर पडतो. तू फक्त फाटक उघडं ठेव.

कोर्नेल


लिपोवेत्स, ६ ऑगस्ट

बाळा,

येऊ नकोस. माझं ऐक, मी त्याला तुझ्या आधीपासून ओळखते. तू तोंड पाडून दारात उभा राहिलास तर तो तुला आत घेईल, कॉफी देईल, प्रवास कसा झाला विचारेल आणि मग पुन्हा कधी म्हणून तुझ्याशी खरं बोलणार नाही. त्याला दया चालत नाही. शिवाय तुला कळलंय हे त्याला कळलं तर मी मेलेच.

मी माझ्या परीने करून बघितलं. उरलेल्या भिंतीच्या कागदाच्या मागच्या बाजूला पंधरा रेसांच्या चौकटी आखून दिल्या, बशीएवढ्या मोठ्या, जाड काळ्या रेघांच्या. पडद्याजवळ बसून त्याला सांगायला लागले, ‘हा सुटला, तो वाकला, अग बाई, हा किती बारीक झालाय!’ तो म्हणाला, ‘ओतीलिया, रेस सांगतेयस की लग्नाला कोण कोण आलंय ते?’ कागद गुंडाळून कपाटामागे ठेवून दिला.

तुला बोलायचा पगार मिळतो ना? मग बोल. माफी नको, कुणाचं नाव नको, गळा दाटून आणू नकोस. नुसतं त्याला हवं तसं बोल. त्याचा टीव्ही मुका असला तरी बोल. ऐकवायचं कसं ते माझ्यावर सोड.

ओतीलिया आत्या


वॉर्सा, २७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तीन मॅच झाल्या. मी बोलतोय.

पहिल्या दिवशी जीभ अडखळत होती. ‘पहिल्या गेटवर लाल, दुसऱ्यावर पांढरा, तिसऱ्यावर निळा, चौथ्यावर पिवळा.’ फीत वर गेली की, ‘निळा आतून, पांढरा बाहेरून, लाल तिसरा.’ रेस संपली की सगळं सोडून निकाल, जुन्या घोषणावाल्याच्या चालीत, प्रत्येक नावानंतर एक श्वास. तो श्वास कशाला ते माझ्या जोडीदाराला कळेना. तो दर वेळी तिथेच बोलायला जायचा. शेवटी मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

मध्यंतरात दोब्रोमिला कानात म्हणाली, ‘कोर्नेल, आपण रेडिओ आहोत का?’ माझेच शब्द माझ्या तोंडावर बसले. दुसऱ्या मॅचनंतर तिने मला खोलीत बोलावून दार लावलं. असंच चालू ठेवलंस तर सीझनची शेवटची मॅच दुसऱ्याला देईन म्हणाली. मी तिला काहीच समजावलं नाही. ‘देऊन टाक,’ एवढंच म्हणालो, ‘पण तोवर मी असाच बोलणार.’

काल तिने माझ्यासमोर पत्रांचा गठ्ठा टाकला. एक बाई इस्त्री करता करता ऐकते, तिला आता मान वर करावी लागत नाही. एका ट्रकवाल्याने फोन समोर ठेवून नुसता आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच त्याचा प्रोग्रॅम, गाडी थांबवून भरलेला, अधिकृत निकालाशी जुळला. दोब्रोमिला म्हणाली, शेवटची मॅच तूच कर, पण जोडीदाराचा पाय मोडू नकोस.

आत्या, हे सगळं ठीक आहे. मला फक्त एक सांग. खाली आवाज चालू झाला का?

कोर्नेल


लिपोवेत्स, १७ सप्टेंबर

कोर्नेल बाळा,

खाली नाही. वर चालू आहे.

मी माझा टीव्ही जमिनीवर ठेवला, त्याच्या खुर्चीच्या बरोबर वर. गालिचा गुंडाळून बाजूला केला आणि आवाज असा लावला की शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘ओतीलियाताई, कानाला काही झालंय का?’ म्हटलं, हो, वय झालं. सगळ्या गल्लीला आता मी बहिरी वाटते. दोन मॅच खालून हूं की चूं नाही. मला वाटलं, तो स्वयंपाकघरात जाऊन बसत असणार आणि मी उगाच गल्लीचे कान किटवतेय.

परवाच्या रविवारी नववी रेस संपली आणि तू निकाल सांगायला लागलास. मी पायाला मुंग्या आल्या म्हणून खुर्ची मागे ओढली. लगेच खालून धाड, धाड, धाड! झाडूच्या दांड्याने छत ठोकत होता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आवाज कमी कर म्हणतोयस होय, थांब, तुला दाखवते. तशीच जिना उतरून गेले.

टेबलावर तो भिंतीचा कागद पसरलेला, चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवलेल्या. आठ रेसा भरलेल्या. आकडे कोंबडीएवढे, काही रेघेबाहेर, पण बाळा, एकूण एक बरोबर. मी मागून वर्तमानपत्राशी ताडून पाहिले. झाडू हातात धरून तो माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणाला, ‘नववीला खुर्ची सरकवलीस. तिसरा कोण?’

मला आठवेना! मी रडू आवरत होते, आणि तो माझ्यावर ओरडत होता. ‘एवढं सावकाश सांगतो पोरगा, तेही तुझ्या लक्षात राहत नाही?’ मग स्वतःच पुटपुटला, ‘श्वास घेतो मध्ये. लिहायला वेळ देतो.’ आणि पेन त्या रिकाम्या चौकटीवर टेकवून धरलं. त्याला कळलं रे. मी एक अक्षर बोलले नाही, पण तू कुणासाठी श्वास घेतोस ते त्याला कळलं.

दहावी रेस सुरू झाली तेव्हा मी वर जायला निघाले. म्हणाला, ‘कुठे निघालीस? बस. आणि हलू नकोस.’

शेवटची मॅच आपल्याच मैदानावर आहे. नीट झोप काढ आदल्या दिवशी.

आत्या


लिपोवेत्स, ७ ऑक्टोबर

कोर्नेल,

अक्षर माझं आहे. ओळी तिरक्या गेल्या असतील तर पान तिरकं धर. ओतीलियाला बाहेर घालवलंय. ती दुरुस्त्या करते.

सोबत भिंतीचा कागद पाठवतोय. रविवारच्या मॅचचा आहे. आवाज चालू होता, माझ्या टीव्हीचा.

तू अजून ओरडतोस. चौथ्या रेसला ओरडलास. पण आधी रंग सांगितलास आणि मग ओरडलास, तेवढं चालेल.

आता ग्राबूफच्या मॅचबद्दल. डोळे चांगले होते तेव्हा ते पडणं मी रेकॉर्डिंगवर शंभर वेळा बघितलं. तिसऱ्या वेळीच कळलं की गाय्दाने आत घुसून त्याला पाडलं. पंच बरोबर होता. तूही बरोबर होतास. मला राग का आला ते सांगतो, हसू नकोस. मी पेन हातात घेऊन बसलो होतो आणि म्हणत होतो, पिवळा नको, पिवळा दिवा नको. आणि तेवढ्यात माझ्याच पोराच्या आवाजात ते ऐकलं. पंचावर चिडता येतं, तो परका असतो. तुझ्यावर चिडून कुठे जायचं? म्हणून बटण दाबलं. राग आठवड्यात गेला. पुढे दीड वर्ष बंद ठेवलं ते लाजेने. त्यातच डोळे गेले तेव्हा वाटलं, आता बोललो तर गरज पडली म्हणून बोलतोय असं होईल.

रेडिओचं मनावर घेऊ नकोस. तुला माहीत नव्हतं. मीच माहीत होऊ दिलं नव्हतं.

वालेंतीला काल डोळ्यांचं सांगितलं. म्हणाला, म्हणजे त्या दिवशी तू प्यायला नव्हतास? म्हटलं नव्हतो. म्हणाला, वाईट झालं, आम्हाला तुझा अभिमान वाटला होता. एप्रिलमध्ये तो मला स्टेडियमवर नेणार आहे. नव्या घोषणावाल्याला तूच कुठेतरी भेटून सांग, निकाल कसा सांगतात ते.

ओतीलियाने जुना खोका काढला. माझं बोट त्या चौकटीवर ठेवलं. डब्ल्यू लिहिला. शेजारच्या चौकटीत थोडा गेला असेल.

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, तुझ्या आईच्या कबरीवर जाऊ. दोन वर्षं तू भल्या सकाळी येऊन दिवे लावून जातोस. मी नंतर येऊन त्यांची काच कोमट आहे का ते हाताने बघायचो. या वेळी एकदमच जाऊ. दिवे मी आणतो. पेटव तू, मला वात सापडत नाही.

एक राहिलं. रविवारी अकराव्या रेसला तू दुसरा निळा म्हणालास, लगेच पांढरा म्हणालास आणि तेवढ्यात मेली जाहिरात लागली. मी चौकट कोरी ठेवलेली नाही. निळा धरलाय, पण पेन्सिलीने. कागद येताना परत घेऊन ये. तू पाहिलंयस, तू सांगशील ते शाईने लिहीन.

बाबा